ध्वजदिन आणि सवलत

गेल्या २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, बेळ्ळंदूरच्या एका दुकानात ‘शूरांना वंदन’ या फलकाखाली पादत्राणांवर सवलत होती. त्या युद्धात आपले पाचशेहून अधिक जवान कामी आले.

स्मरण आणि पैसा यांचा संबंध तसा जुनाच. १९४९ पासून ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, शासनच लाल, गडद निळ्या व फिकट निळ्या रंगांचे छोटे ध्वज देऊन देणग्या गोळा करते. मात्र तो निधी माजी सैनिक व वीरपत्नींच्या कल्याणासाठी असतो. १९५० च्या कायद्याने राष्ट्रध्वजाचा व्यापारासाठी अनुचित वापर रोखला. दिवस मात्र मोकळेच राहिले. (आम्हा प्रशासकांना चिन्हे दिसतात, तिथी दिसत नाहीत.)

“यातले सैनिकनिधीला किती?” मी विचारले.

दुकानदार गोंधळला. “सर, सवलत गिऱ्हाइकाला आहे.”