सुईच्या आधीचे चार शब्द

गोळी मानवली नाही तर बाई उद्यापासून ती बंद करू शकते. इंजेक्शनचं तसं नाही. एकदा दंडात गेलेलं औषध दोन-तीन महिने अंगात राहतं, ते परत काढता येत नाही. म्हणून गर्भनिरोधक इंजेक्शनचा इतिहास पाहताना, ते टोचण्याआधी बाईशी कोण काय बोललं, हे आधी पाहावं लागतं.

बांगलादेशात चांदपूर जिल्ह्यात मतलब नावाचा नदीनाल्यांचा मुलूख आहे. १९७५ मध्ये तिथे घरोघरी गोळ्या आणि निरोध वाटले गेले. बायकांनी घेतले आणि बऱ्याच जणींनी सोडून दिले. १९७७ मध्ये पद्धत बदलली. ७० गावांसाठी ८० कार्यकर्त्या नेमल्या. त्या त्याच भागातल्या, शिकलेल्या, संसारी बायका होत्या. ठरावीक दिवसांनी त्या पुन्हा दारी येत, विचारपूस करत. त्यांच्याकडे इतर साधनांबरोबर तीन महिन्यांचं इंजेक्शनही असे. साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण दीड-दोन वर्षांत शेकडा ७ वरून ३० च्या पुढे गेलं.

श्रोतेहो, इंजेक्शनमुळे घरात गोळ्यांचं पाकीट लपवावं लागत नाही, ही मोठीच सोय. पण कुणाची पाळी थांबते, कुणाला अवेळी रक्त जातं. ते पाळीचंच समजून मुस्लिम घरातली बाई नमाज सोडते, रोजा सोडते. मग सासू विचारते, ‘पुन्हा?’ अशा वेळी दारात ओळखीची बाई येऊन धीर देते, त्याचं मोल औषधाइतकंच असतं.

याची उलट बाजू आपल्या देशात दिसली. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू इथे ‘नेट-एन’ या दुसऱ्या इंजेक्शनची चाचणी होती. जमलेल्या गरीब बायकांना ही चाचणी आहे, हे नीट सांगितलेलं नव्हतं. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते समजावल्यावर अनेक जणी उठून गेल्या. १९८६ मध्ये या संघटनेसह काही महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

२०१७ पासून तीन महिन्यांचं इंजेक्शन ‘अंतरा’ या नावाने सरकारी कार्यक्रमात आलं, महाराष्ट्रातही आलं. ‘तीन महिन्यांनी ये’ एवढ्याने भागत नाही. पाळी बिघडू शकते, सोडल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, त्रास झाला तर कुणाकडे यायचं, आणि नको असेल तर नाही म्हणता येतं, हे चार शब्द सुईच्या आधी बाईच्या कानावर पडले पाहिजेत. तो तिचा हक्क आहे.