ट्रेल मोटारसायकल आणि मोटोक्रॉस मोटारसायकल

ट्रेल मोटारसायकल आणि मोटोक्रॉस मोटारसायकल हे कच्च्या वाटांवर चालवण्यासाठी बनवलेल्या दुचाकींचे दोन वेगळे प्रकार आहेत. बोलीभाषेत दोन्हींना सरसकट 'डर्ट बाईक' म्हटले जाते. उंच मडगार्ड, गाठीदार टायर आणि अरुंद बांधा यांमुळे दोन्ही गाड्या दिसायलाही सारख्याच असतात. प्रत्यक्षात त्यांचे इंजिन, सस्पेन्शन, देखभालीची गरज आणि कायदेशीर दर्जा यांत मोठा फरक आहे. मोटोक्रॉस गाडी बंदिस्त मैदानावरील थोड्या वेळाच्या शर्यतीसाठी असते, तर ट्रेल गाडी डोंगर, रान आणि कच्च्या रस्त्यांवरील लांब प्रवासासाठी असते. मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेथील बहुतेक कच्च्या वाटा सार्वजनिक रस्ते आहेत आणि मोटोक्रॉस गाडी अशा रस्त्यावर कायद्याने चालवता येत नाही.

## नाव व व्याख्या

'मोटोक्रॉस' हा शब्द मोटारसायकल या अर्थाचा फ्रेंच शब्द आणि 'क्रॉस-कंट्री' यांच्या जोडणीतून तयार झाला. मातीचे उंचवटे, उड्या आणि तीव्र वळणे असलेल्या बंद धावपट्टीवर अनेक स्पर्धक एकाच वेळी सुटतात व ठरावीक वेळात जास्तीत जास्त फेऱ्या मारतात, अशा शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. हीच शर्यत क्रीडागारात माती टाकून बनवलेल्या लहान धावपट्टीवर झाली तर तिला सुपरक्रॉस म्हणतात.

'ट्रेल' म्हणजे पायवाट किंवा रानवाट. ट्रेल गाड्यांचे दोन उपप्रकार आहेत. पहिल्यात हेडलाइट, इंडिकेटर, आरसे व नंबरप्लेट असलेल्या आणि रस्त्यावर नोंदणी होणाऱ्या गाड्या येतात. यांना 'ड्युअल-स्पोर्ट' असेही नाव आहे. दुसऱ्यात केवळ खासगी जागेत चालवायच्या गाड्या येतात. त्यामुळे गाडीच्या नावात 'ट्रेल' शब्द असला म्हणून ती रस्त्यावर चालवता येतेच असे नाही.

## इतिहास

या खेळाचा उगम इंग्लंडमधील 'स्क्रॅम्बल' शर्यतींत आहे. १९२४ साली सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे झालेली शर्यत ही अशा पहिल्या शर्यतींपैकी मानली जाते. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५२ मध्ये युरोपीय अजिंक्यपद आणि १९५७ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू केले. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियम क्रीडागारात झालेल्या शर्यतीपासून सुपरक्रॉसचा प्रसार झाला. ट्रेल गाड्यांना व्यापक बाजारपेठ मिळवून देणारे प्रारूप म्हणून यामाहाच्या १९६८ सालच्या 'डीटी-१' या २५० सीसी गाडीचा उल्लेख केला जातो.

भारतात मोटोक्रॉस व सुपरक्रॉस स्पर्धांचे नियमन भारतीय मोटार क्रीडा क्लब महासंघ करतो. महाराष्ट्रात पुणे व नाशिक येथे राष्ट्रीय सुपरक्रॉस स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग या संघनिहाय स्पर्धेची पहिली फेरी २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाली.

रस्त्यावर चालणाऱ्या ट्रेल गाड्या भारतात बराच काळ दुर्मीळ होत्या. हीरो मोटोकॉर्पने २०११ मध्ये १५० सीसीची 'इम्पल्स' आणली. मे २०१९ मध्ये आलेल्या 'एक्सपल्स २००' या गाडीने हा प्रकार सर्वसामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आणला. कावासाकीने डिसेंबर २०२४ मध्ये रस्त्यावर नोंदणी होणारी 'केएलएक्स २३०' भारतात सादर केली. याच कंपनीची 'केएलएक्स १४०जी' २०१८ मध्ये भारतात आली होती, पण ती केवळ खासगी जागेत चालवण्यासाठी होती.

## रचनेतील फरक

| घटक | मोटोक्रॉस (२५० ते ४५० सीसी) | रस्त्यावरची ट्रेल गाडी (२०० ते २३० सीसी) |
|---|---|---|
| वजन | सुमारे १०५ ते ११५ किलो | सुमारे १४० ते १६० किलो |
| आसनाची उंची | सुमारे ९५० मिमी | सुमारे ८२५ ते ८९० मिमी |
| सस्पेन्शनची हालचाल | सुमारे ३०० मिमी | सुमारे १७० ते २५० मिमी |
| मागील चाक | १९ इंच | १८ इंच |
| गिअर | जवळजवळचे | दूरदूरचे |
| दिवे, आरसे, नंबरप्लेट | नसतात | असतात |
| देखभालीचे मोजमाप | तासांत | किलोमीटरांत |

पुढचे चाक दोन्ही प्रकारांत सामान्यतः २१ इंचांचे असते. मोठ्या व्यासामुळे ते दगड व खड्डे सहज ओलांडते.

मोटोक्रॉस गाडीचे सस्पेन्शन उंच उडीनंतरचा धक्का सोसण्यासाठी कडक असते. दगडगोट्यांच्या वाटेवर संथ गतीने जाताना ते पुरेसे दबत नाही. त्यामुळे चाक दगडावरून उसळते आणि चालकाचे हात लवकर थकतात. ट्रेल गाडीचे सस्पेन्शन मऊ असते. ते लहान धक्के चांगले शोषते, पण मोठ्या उडीत तळाला टेकते.

गिअरमधील फरकही वापरातूनच आला आहे. शर्यतीत इंजिन सतत उच्च फेऱ्यांवर ठेवायचे असल्याने मोटोक्रॉस गाडीचे गिअर एकमेकांच्या जवळ असतात. ट्रेल गाडीचा पहिला गिअर चढणीवर पायी चालण्याच्या वेगाने जाता येईल इतका हळू असतो आणि शेवटचा गिअर डांबरी रस्त्यासाठी पुरेसा वेगवान असतो. मोटोक्रॉस गाडी फार हळू चालवल्यास वारंवार बंद पडते. अनेक मोटोक्रॉस गाड्यांना पंखाही नसतो, त्यामुळे संथ चालीत इंजिन तापते.

## इंजिन व देखभाल

२५० सीसी चार-स्ट्रोक मोटोक्रॉस इंजिन साधारणपणे ४० अश्वशक्तीच्या आसपास शक्ती देते. 'एक्सपल्स २००' किंवा 'केएलएक्स २३०' यांची शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती आहे. मोटोक्रॉस गाडीचे वजन कमी असल्याने प्रत्यक्षातील फरक या आकड्यांपेक्षाही मोठा जाणवतो.

या शक्तीची किंमत देखभालीत मोजावी लागते. मोटोक्रॉस इंजिनात तेल कमी मावते आणि ते मोजक्या तासांच्या वापरानंतर बदलावे लागते. पिस्टन व रिंग हे ठरावीक तासांनी बदलायचे भाग मानले जातात, म्हणून अशा गाडीवर तास मोजणारे मीटर बसवतात. ट्रेल गाडीचे इंजिन मात्र योग्य देखभाल असल्यास उघडावे न लागता हजारो किलोमीटर चालते.

धुळीच्या प्रदेशात एअर फिल्टर हा दोन्ही गाड्यांचा सर्वांत नाजूक भाग ठरतो. मोटोक्रॉस गाडीतील तेल लावलेला फोमचा फिल्टर प्रत्येक वापरानंतर तपासून स्वच्छ करावा लागतो. फिल्टरमधून धूळ आत गेल्यास सिलिंडर व पिस्टन घासले जाऊन इंजिनाचे आयुष्य झपाट्याने घटते.

मोटोक्रॉस इंजिनाचे कॉम्प्रेशन जास्त असल्याने त्यास अधिक ऑक्टेनचे पेट्रोल लागते. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल तसेच ठेवणे इष्ट नसते.

## कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या वाहनासाठी त्रयस्थ पक्षाचा विमा बंधनकारक आहे. नोंदणीसाठी वाहनाच्या प्रारूपाला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार मान्यता असावी लागते. मोटोक्रॉस गाड्यांना अशी मान्यता नसते. अशा गाडीला वेगळे दिवे व नंबरप्लेट लावल्याने ती नोंदणीस पात्र होत नाही.

याच अधिनियमात 'सार्वजनिक ठिकाण' याची व्याख्या व्यापक आहे. लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेला कोणताही रस्ता, वाट किंवा जागा तीत येते. रस्ता डांबरी असण्याची अट नाही. त्यामुळे गावाचा कच्चा रस्ता, गाडीवाट आणि लोकांच्या वहिवाटीचा पाणंद रस्ता हेही तीत मोडू शकतात. पाणंद रस्त्यावर विनानोंदणी गाडीने अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा भार विमा कंपनीऐवजी थेट चालक व मालक यांच्यावर येऊ शकतो. जखमी व्यक्ती शेतमजूर किंवा शाळकरी मूल असल्यास त्या कुटुंबालाही भरपाईसाठी विम्याचा आधार राहत नाही. नोंदणीकृत ट्रेल गाडीच्या नेहमीच्या विमापत्रातूनही संघटित शर्यत व वेगचाचणी सामान्यतः वगळलेली असते.

कलम १९९ अ हे २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झाले. त्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. लहान मुलांसाठीच्या छोट्या डर्ट बाईक घेणाऱ्या पालकांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

## नांदेड व लातूर जिल्ह्यांतील भूप्रदेश

दोन्ही जिल्ह्यांचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर असून नदीखोऱ्यांत काळी कापसाची जमीन आहे. गोदावरी, मांजरा, तेरणा व मन्याड या येथील प्रमुख नद्यांपैकी आहेत. काळी माती पावसाळ्यात फुगते व चिकट होते. ती टायरच्या गाठींत भरते आणि चाक व मडगार्ड यांमध्ये साचून चाक अडवते. अशा चिखलात अधिक शक्तीचा उपयोग होत नाही, मागचे चाक केवळ जागेवर फिरते. उन्हाळ्यात याच जमिनीला खोल भेगा पडतात.

लातूर जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या पठारावर आहे. तेथील माळरानांवर मुरूम व सुटे दगड आढळतात आणि पावसानंतर ती लवकर वाहतुकीस योग्य होतात. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट व माहूर तालुक्यांत डोंगर व सागाची वने आहेत. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांत पसरलेले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही आणि गाडी नोंदणीकृत असली तरी हा नियम लागू राहतो.

कापणीनंतर मोकळी दिसणारी शेतेही खासगी मालकीची असतात. बांध, ठिबक सिंचनाच्या नळ्या व पाइपलाइन यांचे गाडीच्या चाकांनी नुकसान होते. त्यामुळे तेथे मालकाची संमती आवश्यक ठरते.

## निवडीचे निकष

गाडी कोठे चालवणार आणि ती तेथपर्यंत कशी नेणार, हे दोन प्रश्न शक्ती व किंमत यांच्या आधी येतात.

'''मोटोक्रॉस गाडी''' पुढील परिस्थितीत योग्य ठरते: स्पर्धेत उतरण्याचा निश्चय आहे, सरावासाठी बंदिस्त धावपट्टी किंवा स्वतःची कुंपण घातलेली जमीन उपलब्ध आहे, गाडी वाहून नेण्यासाठी पिकअप किंवा 'छोटा हत्ती' या नावाने ओळखला जाणारा टेम्पो मिळू शकतो आणि इंजिन उघडून काम करणारा जाणकार मेकॅनिक हाताशी आहे. भारतात २५० सीसी मोटोक्रॉस गाडीची किंमत आठ लाख रुपयांच्या आसपास गेलेली आहे. वाहतूक, सुटे भाग, टायर व संरक्षक साधने यांचा खर्च वेगळा असतो. पुण्याला सरावासाठी किंवा स्पर्धेसाठी जायचे तर लातूरहून सुमारे ३३० किमी व नांदेडहून सुमारे ४५० किमी अंतर गाडी टेम्पोत घालूनच पार करावे लागते.

'''रस्त्यावरची ट्रेल गाडी''' घरापासून शेतापर्यंत, कामावर आणि सुट्टीच्या दिवशी माळरानावर अशा सर्व ठिकाणी स्वतःच्या चाकांवर जाते. हीरो मोटोकॉर्पची सेवा केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत असल्याने तिच्या ट्रेल गाडीचे नेहमीचे सुटे भाग मिळणे तुलनेने सोपे असते. नवशिक्या चालकास क्लच, ब्रेक आणि उभे राहून तोल सांभाळणे शिकण्यासाठी कमी शक्तीची गाडी अधिक उपयोगी पडते. स्पर्धेकडे वळू इच्छिणाऱ्यासही हा मार्ग बंद होत नाही, कारण भारतातील अनेक डर्ट-ट्रॅक व रॅली स्पर्धांत भारतीय बनावटीच्या गाड्यांसाठी स्वतंत्र गट असतात.

वापरलेली मोटोक्रॉस गाडी स्वस्त दिसली तरी तिचे आयातीचे व मालकीचे कागद, इंजिन किती तास चालले आहे आणि सुटे भाग कोठून मिळतील हे तपासावे लागते. चेसी क्रमांक खोडलेली किंवा कागद नसलेली गाडी चोरीची असण्याचा धोका असतो.

यामाहा आरएक्स १०० सारख्या जुन्या गाडीचे डर्ट बाईकमध्ये रूपांतर करण्याची प्रथाही आढळते. अशा गाडीची चौकट उड्यांसाठी बनवलेली नसल्याने जोडाच्या ठिकाणी तडे जाऊ शकतात. शिवाय नोंदणीपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करण्यास कलम ५२ नुसार मनाई आहे.

## सुरक्षितता

दोन्ही प्रकारांत हेल्मेट, गॉगल, छाती व पाठीचे कवच, गुडघा व कोपरांचे रक्षक, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे कडक बूट वापरले जातात. रस्त्यावर वापरायचे हेल्मेट आयएस ४१५१ या भारतीय मानकाचे असणे आवश्यक आहे. घोटा, मनगट व गळपट्टीचे हाड यांच्या दुखापती या खेळात नेहमी आढळतात. माळरानावर किंवा डोंगरात मदत पोहोचण्यास वेळ लागत असल्याने एकट्याने न जाणे, जाण्याची वाट घरी सांगून ठेवणे आणि प्रथमोपचाराचे साहित्य बरोबर ठेवणे हे संकेत पाळले जातात. खरेदीच्या अंदाजपत्रकात या साधनांची रक्कम आधी बाजूला काढून उरलेल्या पैशांत गाडी निवडणे श्रेयस्कर मानले जाते.

## हे सुद्धा पाहा

* मोटोक्रॉस
* सुपरक्रॉस
* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* बालाघाट डोंगररांग
* पैनगंगा अभयारण्य