'व्हॅगाबाँड' : मुसाशीचे मिथक आणि एका चित्रकथेचे अतिमूल्यन

ताकेहिको इनोउए या जपानी चित्रकाराची 'व्हॅगाबाँड' ही दीर्घ चित्रकथा 1998 मध्ये कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'मॉर्निंग' साप्ताहिकात सुरू झाली, आणि 2015 पासून ती थांबलेली आहे. सदतीस खंड, 2000 चा कोदान्शा मांगा पुरस्कार, 2002 चा तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कार आणि जपानबाहेरही प्रचंड वाचकवर्ग असा तिचा लौकिक आहे. सामुराई-जीवनावरील चित्रकथांत तिला सर्वोच्च स्थान देण्याचा प्रघात पडला आहे. हे स्थान तिला कोणत्या निकषांवर मिळाले, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. आणि ही चिकित्सा चित्रांपासून सुरू करून भागत नाही. ती मुसाशीच्या मिथकाच्या घडणीपासून सुरू करावी लागते.

मियामोतो मुसाशी (निधन 1645) हा ऐतिहासिक पुरुष. त्याच्या नावावरील 'गोरिन नो शो' या ग्रंथाचे लेखन 1643 मध्ये सुरू झाले. तेरा ते एकोणतीस या वयात साठाहून अधिक द्वंद्वे आपण लढलो आणि एकदाही हरलो नाही, असे त्यात म्हटले आहे. पण ज्या दोन प्रसंगांवर मुसाशीची सारी लोकप्रियता उभी आहे, त्यांतील प्रतिस्पर्ध्यांची नावे या ग्रंथात नाहीत. क्योतोच्या योशिओका घराण्याचे नाव तेथे नाही, सासाकी कोजिरोचेही नाही. ही नावे व त्यांभोवतीचे तपशील नंतर जमत गेले. दत्तक पुत्र इओरी याने 1654 मध्ये कोकुरा येथे उभारलेल्या शिलालेखात दोन्ही द्वंद्वे येतात, मात्र तेथे दोघे वीर बेटावर एकाच वेळी येऊन भिडतात. मुसाशी मुद्दाम उशिरा आला व त्यामुळे कोजिरो चिडला, हा आज जगभर माहीत असलेला प्रसंग अठराव्या शतकातील 'नितेनकी' या ग्रंथातला. मराठी वाचकाच्या परिचयाच्या शब्दात सांगायचे तर 'नितेनकी' ही बखर आहे. मुसाशीच्या शिष्यपरंपरेतून आलेली आणि आपल्या आद्यपुरुषाचे माहात्म्य सांगणारी, म्हणजे बखरीचे गुण व दोष दोन्ही बाळगणारी. योशिओकांच्या बाजूने लिहिल्या गेलेल्या वृत्तांतात निकाल वेगळाच आहे. शिवाय ज्या घराण्याचा मुसाशीने समूळ उच्छेद केला असे सांगितले जाते, ते पुढे कापड रंगवण्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध राहिले. उच्छेद झालेल्यांच्या वाट्याला असे दीर्घायुष्य सहसा येत नाही.

या मिथकाला आधुनिक रूप मिळाले ते एका वाङ्मयीन वादातून. 1932 मध्ये नाओकी सान्जुगो या लेखकाने मुसाशीचे श्रेष्ठत्व नाकारले; किकुची कान यांनी त्याची बाजू घेतली. किकुचींच्या पक्षात असलेल्या एजी योशिकावांना नाओकींनी जाहीरपणे कारणे विचारली. योशिकावांनी तेव्हा वाद घातला नाही. 1934 मध्ये नाओकी वारले, आणि 1935 ते 1939 या काळात 'असाही' वृत्तपत्रातून योशिकावांची 'मियामोतो मुसाशी' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्याकडे नाओकींना दिलेले उत्तर म्हणून पाहिले जाते. मुसाशी अतिमूल्यित आहे काय, हा प्रश्न अशा रीतीने या कथापरंपरेच्या मुळाशीच आहे. त्याचे उत्तर पुराव्याने दिले गेले नाही, ते कादंबरीने दिले गेले. तलवार हा आत्मशोधाचा मार्ग, हिंसा ही साधना, हे सूत्र योशिकावांनी रचले. बालमित्र माताहाची व प्रेयसी ओत्सू ही पात्रे त्यांनी कल्पिली. झेन भिक्षू ताकुआन ऐतिहासिक असला तरी मुसाशीशी त्याची गाठ पडल्याचा पुरावा नाही. त्याला गुरुस्थानी बसवले तेही योशिकावांनीच. 1937 मध्ये चीनशी युद्ध पेटलेल्या जपानमध्ये संयमी, एकाग्र, आत्मविजयी योद्ध्याची ही प्रतिमा वाचकांना दररोज मिळत होती, ही गोष्ट कादंबरीचा अर्थ लावताना वगळता येत नाही.

युद्धोत्तर काळात हिरोशी इनागाकी यांची चित्रपटत्रयी (1954–56) आणि तोमु उचिदा यांची पाच भागांची मालिका (1961–65) यांनी हीच संहिता दृढ केली. इनोउए यांचा आधारही तीच कादंबरी आहे.

इनोउए यांनी तिच्यात काय बदलले? सर्वांत धीट बदल कोजिरोचा. योशिकावांचा कोजिरो आढ्यताखोर व वाचाळ. इनोउए यांचा जन्मतः बहिरा, शब्दाविना जगणारा. ध्वनीची चिन्हे पानभर पसरणाऱ्या या माध्यमात एका प्रमुख पात्राचे सारे विश्व निःशब्द करणे ही खरी निर्मिती आहे, आणि त्याच्या बालपणाचे खंड हा या चित्रकथेचा निर्विवाद उत्कर्ष. पुढे लेखणी सोडून कुंचल्याने केलेले काम, पाऊस, गवत, थकलेल्या देहाचे वजन, याबद्दलही दुमत होण्याचे कारण नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीबद्दल. चित्रांची गहनता ही विचारांची गहनता म्हणून गणली गेली, आणि अतिमूल्यन तेथे झाले.

योशिओकांच्या सत्तर जणांशी झालेल्या लढाईचा प्रसंग पाहावा. एक माणूस सत्तरांना मारतो, आणि कित्येक प्रकरणे ही कत्तल चालते. हेतू हिंसेची निरर्थकता दाखवण्याचा आहे, असे तिचे समर्थक म्हणतात. परंतु संहितेची दृश्यरचना काय करते? प्रत्येक घाव स्वतंत्र चौकटीत, स्वतंत्र सौंदर्याने येतो; मरणारे मुसाशीच्या आकलनाच्या पायऱ्या होतात. हत्येनंतर येणारी विषण्णताही मुसाशीचीच असते. योशिकावांचे सूत्र येथे नाकारले गेलेले नाही. त्याला पश्चात्तापाची जोड मिळून ते अधिक आकर्षक झाले आहे.

हाच दोष शेतीच्या प्रकरणांत अधिक सूक्ष्मपणे दिसतो. पोरका इओरी, नापीक जमीन, दुष्काळ, माती उकरणारा तलवारबाज ही प्रकरणे अनेकांना या चित्रकथेचे नैतिक शिखर वाटतात. ती संथ आहेत, आणि हा संथपणा साप्ताहिकाच्या वाचकावर लादण्याचे धैर्य इनोउए यांनी दाखवले, हे मान्य केले पाहिजे. पण या गावाला इतिहास नाही. शेतसारा कोण वसूल करतो, धान्य कोणाच्या कोठारात जाते, सेकिगाहाराच्या 1600 च्या लढाईनंतर निर्धनी झालेले सामुराई आणि कुळे यांचे नाते काय, हे प्रश्न पार्श्वभूमीला राहतात. जमीन मुसाशीला शिकवते. शेतकरी त्या शिकवणुकीचे साहित्य ठरतात.

येथे सान्पेई शिराटो यांच्या 'कामुई-देन'ची (1964–71) आठवण अपरिहार्य आहे. 'गारो' मासिकातील त्या चित्रकथेत बहिष्कृत जातीतला कामुई, शेतकरी शोसुके आणि सामुराई र्‍यूनोशिन असे तीन पदर एकत्र विणलेले आहेत, आणि तलवारीचा इतिहास हा उत्पादनाचा व जातींच्या उतरंडीचा इतिहास म्हणून दिसतो. शिराटोंची रेषा इनोउए यांच्याइतकी परिष्कृत नाही. काही ठिकाणी त्यांची भूमिका भाष्याच्या रूपाने सरळ बोलू लागते, हा त्यांचा उणेपणाच. तरीही व्यक्तीच्या मोक्षापलीकडे जाऊन सरंजामी समाजाची रचना चित्रचौकटीत आणण्याचे काम 'व्हॅगाबाँड'च्या तीस वर्षे आधी झाले होते. सामुराई-चित्रकथेचे शिखर ठरवताना ही परंपरा विसरली जाते, कारण जगभरच्या वाचकाला इतिहासापेक्षा साधना अधिक सहज पचते.

'व्हॅगाबाँड'च्या अपूर्णतेनेही तिच्या वलयात भर घातली आहे. कोजिरोशी होणारे अंतिम द्वंद्व आलेले नाही, त्यामुळे संहितेला आपल्या सूत्राची किंमत अजून मोजावी लागलेली नाही. 2008 मध्ये तोक्योच्या उएनो येथील प्रदर्शनात इनोउए यांनी मुसाशीचे अखेरचे दिवस भव्य चित्रांतून मांडले. द्वंद्वाच्या आधीच मृत्यू आला, तोही संग्रहालयाच्या भिंतीवर. मधली वर्षे रिकामी राहिली, आणि ऐतिहासिक दृष्ट्या तीच सर्वांत बोलकी आहेत.

शिमाबारा येथील शेतकरी व ख्रिस्ती बंडखोरांवर शोगुनशाहीने 1637–38 मध्ये सैन्य पाठवले, तेव्हा मुसाशी त्या सैन्याबरोबर होता. नंतर सरदार अरिमा नाओझुमी याला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या पायाला दगड लागल्याचा उल्लेख केला आहे. हारा किल्ल्याच्या तटावरून दगड लोटणारे बहुतांशी शेतकरीच होते.