परळच्या खोलीतील जागरण

बाबासाहेबांच्या बुद्धिमत्तेविषयी आपण जेवढे बोलतो, तेवढे ती जोपासणाऱ्या घराविषयी बोलत नाही. परळच्या डबक चाळीतील एकाच खोलीत चूल, सरपण, जाते, शेळी आणि माणसे, अभ्यासही तिथेच. जागा वाढवणे शक्य नव्हते, म्हणून सुभेदार रामजींनी रात्र वाटून घेतली. भीमराव लवकर झोपत. रामजी दोनपर्यंत जागत, मुलाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. पुस्तकांना पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकींकडे जात. त्यांचे दागिने गहाण पडत, पेन्शन आली की सुटत. चरित्रांत हा बापाचा त्याग ठरतो. पण दागिने लेकींचे होते! मंजुळा आणि तुळसा या बहिणींच्या वाट्याला मात्र एखादे वाक्यच येते.

१९०७ साली मॅट्रिकला भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या प्रज्ञाशोधवाल्यांनी या मुलाकडे वळूनही पाहिले नसते. रामजींनी त्याला एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते वारले. त्याच वर्षी जुलैत भीमराव कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले.