मनात काय होतं, कोण सांगणार?

कोलशेतहून खाडीपलीकडच्या गिरणीत मी पाळीला जातो. तिथं एका मुकादमानं माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला. विचारलं तर म्हणाला, "माझ्या मनात तसलं काय नव्हतं रे." सोबतचे म्हणाले, सोड, त्याचं मन तुला काय माहीत?

दोस्तहो, हा प्रश्न एका पेल्याचा नाही. मन कळल्याशिवाय दोष द्यायचाच नाही काय?

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006, भंडारा जिल्हा. भैयालाल भोतमांगे यांची बायको सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर आणि रोशन यांना जमावानं ठार मारलं. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जण दोषी धरले, सहांना फाशी दिली. 2010 साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची 25 वर्षं कैद केली. ॲट्रॉसिटीचं कलम दोन्हीकडं लागलं नाही. मायलेकींनी एका मारहाणीच्या प्रकरणात जबाब दिला होता, त्याचा हा सूड. जात हे कारण सिद्ध होत नाही, म्हणे.

सूड होता, धरून चालू. पण राग कशाचा? जबाब दिला याचा, की *ह्यांनी* दिला याचा?

ही गोची 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यानं ओळखली होती. त्यातला गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला, तर तो अस्पृश्यतेपोटीच घडला असं कोर्टानं धरायचं. तसं नव्हतं हे आरोपीनं दाखवायचं. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यात मात्र खुनासारख्या गुन्ह्यामागं जात हेच कारण होतं, हे सिद्ध करायचं ओझं आपल्या माथी आलं. 26 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं ते शब्द बदलले. आता समोरचा अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढं पुरे. घरादाराची ओळख असली तर माहीत होतं असंच कोर्ट धरतं, उलट सिद्ध होईस्तोवर. खैरलांजीनंतर नऊ वर्षं गेली होती.

मागावर आम्ही हेच शिकलो. धागा तुटलेला दिसला नाही, तर ती चूक. दिसूनही माग चालू ठेवला, तर तो दोष. तिथं मन कुणी विचारत नाही. दिसला होता का, एवढंच विचारतात.

हेतूला किंमतच नाही असं मी म्हणत नाही. धक्का लागणं आणि ढकलणं एक नव्हे. पण मनाची चावी ज्याच्या त्याच्या खिशात. ती मिळेस्तोवर थांबायचं म्हटलं, तर करणारा तोच आणि साक्षीदारही तोच.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला एवढंच विचारलं, "मी कोण, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

तो खाली बघू लागला. मी सगळ्यांच्या पेल्यानं पाणी प्यालो.