राजा दूर, नायब दारात

गिरगावात शंकरशेठ मार्गावरून सेंट तेरेसा चर्चच्या बाजूने आत वळलं की खोताची वाडी लागते. लाकडी जिने, कौलं, पुढचे व्हरांडे, कोपऱ्यावरचा क्रूस. एकेकाळी इथे पासष्टच्या आसपास अशी घरं होती, आज ती तिशीच्या आत आली आहेत. मोबाइल घेऊन फोटो काढणारी तरुण मंडळी रविवारी घोळक्याने येतात आणि सगळे एकच वाक्य बोलतात, "अरे, हे तर पोर्तुगीज!" मी गेल्या महिन्यात तिथे उभा होतो तेव्हाही एकाने हेच म्हटलं. मला मात्र पाटीवरचं नाव वाचून वेगळंच सुचत होतं. घरं पोर्तुगीज धाटणीची, राहणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आणि नाव खोताचं.

दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाची ही जागा. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे त्याने ईस्ट इंडियन कुटुंबांना प्लॉट विकले आणि नारळीच्या बागेत वस्ती उभी राहिली. गिरगावातल्या बहुतेक वाड्या मुळात बागाच. दादोबाचं खोत हे आडनाव झालं, पण मूळात ते एक काम आहे. खोत म्हणजे सरकार आणि रयत यांच्या मधला माणूस. गावाचा सारा एकरकमी सरकारात भरायचा आणि रयतेकडून आपल्या हिशोबाने वसूल करायचा. सरकार गावात कधी दिसत नाही, दिसतो तो खोत. चौदाव्या शतकातल्या जियाउद्दीन बरनीच्या ग्रंथात 'खूत' आणि 'मुकद्दम' असे शब्द जोडीने येतात. अलाउद्दीन खिलजीने त्यांचा माज कसा उतरवला याचं वर्णन तो मोठ्या चवीने करतो. कोकणातली खोती आदिलशाही काळात रुजली असं जुनी गॅझेटियरं सांगतात.

हे सगळं आठवण्याचं कारण असं, की मुंबईचा इतिहास हा पहिल्यापासून दूरच्या राजाच्या नावाने जवळच्या माणसाने केलेल्या कारभाराचा इतिहास आहे. नायब, सुभेदार, गव्हर्नर, व्हाइसरॉय, खोत अशी ती उतरंड आहे. 'नबाब' हा शब्दसुद्धा 'नायब'चं अरबी अनेकवचन आहे. म्हणजे ज्याला आपण सिनेमात तक्क्याला टेकून हुक्का ओढताना बघतो, तो शब्दार्थाने नुसता बदली कामगार!

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं पोर्तुगिजांना दिली. हुमायूनच्या स्वारीची धास्ती त्याच्या डोक्यावर होती. घेणारा होता गव्हर्नर नुनो द कुन्हा, ज्याच्या नावाने घेतली तो राजा लिस्बनला. पोर्तुगालचा एकही सत्तेवरचा राजा कधी गोव्याला आला नाही. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द अल्मेडा पहिला व्हाइसरॉय म्हणून आला, तिथपासून सगळा कारभार प्रतिनिधीचाच. मुदत साधारण तीन वर्षांची. जहाजं मार्च-एप्रिलात लिस्बन सोडत, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागत, उत्तर घेऊन डिसेंबर-जानेवारीत परत निघत. एका प्रश्नाचं उत्तर यायला दीड-दोन वर्षं. तीन वर्षांच्या नोकरीत राजाला किती वेळा विचारणार?

म्हणून पोर्तुगिजांनी एक युक्ती काढली होती. नव्या अधिकाऱ्याबरोबर राजा मोहरबंद लखोटे पाठवी. अधिकारी मेला तर लखोटा फोडायचा, आत नाव असेल तो पुढचा. १५२४ मध्ये वास्को द गामा व्हाइसरॉय होऊन आला आणि काही महिन्यांत कोचीनला वारला. लखोटा फोडला, हेन्रिक द मेनेझिस निघाला. १५२६ मध्ये तोही गेला. पुन्हा लखोटा फोडला तर नाव निघालं दूर मलाक्क्यात असलेल्या पेरो मस्कारेन्यसचं. मग आणखी एक फोडला, लोपो वाझ द सांपायो. दोघेही म्हणाले, मीच. राजाचा शब्द कागदावर होता, पण दोन कागदांवर दोन शब्द होते आणि राजा हजारो मैलांवर. हे भांडण पुढे बराच काळ चाललं.

मुंबईत हा राजा लोकांना भेटला तो 'फोर'च्या रूपाने, म्हणजे जमिनीच्या वार्षिक देण्याच्या रूपाने. फोरास रोडचं नाव त्यावरूनच. अख्खं बेट एकेकाळी गार्सिया द ओर्ता या वैद्याने असंच भाड्याने घेतलं होतं. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला.

आता मजेचा भाग. २३ जून १६६१ च्या तहाने पोर्तुगालने राजकन्या कॅथरिनच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. आंदण म्हणून मुंबई दिली हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण दोन राजांनी सही केल्यावर बेट प्रत्यक्ष हातात यायला पावणेचार वर्षं लागली, आणि ती का लागली हे फारसं कुणी सांगत नाही. अडवणारा होता पोर्तुगिजांचा स्वतःचाच प्रतिनिधी, अंतोनिओ द मेलो ई कास्त्रो. गंमत म्हणजे ताबा द्यायला तो इंग्रजांच्याच आरमाराबरोबर लिस्बनहून आला होता. सप्टेंबर १६६२ मध्ये जहाजं मुंबईला लागली आणि साहेब म्हणाले, कागद बरोबर नाहीत. इंग्रज गव्हर्नर अब्राहम शिपमनजवळचं अधिकारपत्र जसं हवं तसं नाही. शिवाय तहात मुंबई बेट म्हटलंय, ठाणे-साष्टी नव्हे.

सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी खेटे घातलेत त्याला हा माणूस ओळखीचा वाटेल. पण त्याला नुसता अडेलतट्टू म्हणून सोडून देणं अन्यायाचं होईल. तो जाग्यावर होता, राजा नव्हता. या बंदराची खोली त्याने डोळ्यांनी पाहिली होती. इंग्रज मुंबईत स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान हातचा गेला, अशा अर्थाचं त्याने राजाला कळवलं. पुढचा इतिहास पाहता तो चुकला होता असं कोण म्हणेल? राजाची आज्ञा मोडून राजाचं हित पाहणारा नोकर निमकहराम की निमकहलाल, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मेक्सिकोतल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांनी तर यासाठी ठरीव शब्दच बनवले होते. हुकूम शिरसावंद्य, अंमल मात्र करत नाही, असं ते रीतसर लिहून देत.

या कागदी भांडणाची किंमत दिली ती शिपायांनी. शिपमनबरोबर चारेकशे लोक होते. उतरायला जागा नाही म्हणून त्यांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर नेऊन टाकलं. तिथल्या पावसाळ्यात तापाने आणि हगवणीने ते मेले. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही मेला. त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने जानेवारी १६६५ मध्ये गोव्यात मिळतील त्या अटी मान्य केल्या आणि १८ फेब्रुवारीला मुंबई ताब्यात घेतली. तेव्हा उरलेले शिपाई शंभराच्या आसपास होते. ताब्याचा विधी झाला तो बेटाची मालकीण दोना इग्नेझ द मिरांदा हिच्या वाड्यात. कुकने हातात माती आणि दगड घेतले, बुरुजावरून फिरला, झालं! बेटावरच्या कोळ्याला, भंडाऱ्याला, माहीमच्या कोकणी मुसलमानाला त्या दिवशी कुणी काही विचारल्याची नोंद नाही.

चार्ल्सला हे प्रकरण झेपलं नाही. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने मुंबई कंपनीला दिली, वर्षाला दहा पौंड सोन्याच्या भाड्याने. म्हणजे इंग्लंडच्या राजाने मुंबईत एक खोत नेमला, असं म्हटलं तर फार बिघडणार नाही. त्या खोताच्या नोकराने, जेराल्ड ऑन्जियरने, १६७२ मध्ये बेटावरच्या जमीनधारकांशी करार केला. वर्षाला वीस हजार शेराफिन द्या, जमिनी तुमच्या. उतरंडीत आणखी एक पायरी.

आणि मग १६८३. कंपनीने पगार आणि खर्च कापले, पलटण चिडली. २७ डिसेंबरला कॅप्टन रिचर्ड केग्विनने कंपनीच्या डेप्युटी गव्हर्नरला कैद करून किल्ला घेतला. बंड कुणाच्या नावाने? राजाच्या! आम्ही कंपनीला मानत नाही, बेट राजाचं, आम्ही राजाचे. जवळपास वर्षभर तो मुंबईचा गव्हर्नर होता आणि कारभार त्याने वाईट केला नाही. संभाजी महाराजांशीही त्याने तह केला. शेवटी ज्याच्या नावाने बंड केलं त्या राजाचाच हुकूम आला, बेट कंपनीला परत द्या. नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या बोलीवर केग्विनने किल्ला सोडला. दूरच्या राजाचं नाव कुणालाही वापरता येतं ते तो बोलत नाही तोवर.

फक्त गोऱ्यांकडे बोट दाखवून थांबू नये. त्याच दशकात स्वराज्यावरही ही वेळ आली. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज जिंजीला गेले आणि १६९८ पर्यंत राजा तमिळ मुलखात व राज्य सह्याद्रीत अशी स्थिती होती. इकडचा सगळा अधिकार रामचंद्रपंत अमात्यांकडे, आणि त्यांना किताब दिला तो 'हुकूमतपनाह', अस्सल फारसी. औरंगजेबाशी लढणाऱ्या राज्याला आपल्या सर्वाधिकाऱ्यासाठी फारसी शब्द वापरताना काही वावगं वाटलं नाही. आज मराठीतून असे शब्द वेचून काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. रामचंद्रपंतांनी राजाचं नाव स्वतःसाठी वापरलं नाही हे त्यांचं मोठेपण. पण जिंजीहून वतनांच्या सनदा सुटत आणि इथे त्या जमिनीवर दुसराच कुणी बसलेला असे. ती डोकेदुखी त्यांनाही चुकली नाही.

शंभर वर्षांनी चित्र पार उलटं झालं. १७८४ मध्ये बादशहा शाहआलमने महादजी शिंद्यांच्या खटपटीने पेशव्याला 'वकील-इ-मुतलक' नेमलं आणि महादजींना त्यांचे नायब. ते फर्मान घेऊन महादजी १७९२ मध्ये पुण्याला आले. मोठा दरबार भरला. त्यात बादशहाची म्हणून एक गादी मांडली होती, रिकामी. तिच्यावर फर्मान आणि खिलत ठेवली होती. कोवळ्या सवाई माधवरावांनी त्या रिकाम्या गादीला तीनदा मुजरा केला, नजर ठेवली. बादशहा तेव्हा दिल्लीत होता, आणि आंधळा होता. चार वर्षांपूर्वी गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले होते. शिवाय पेशवा स्वतः साताऱ्याच्या छत्रपतींचा नोकर, आणि छत्रपती साताऱ्याच्या किल्ल्यात जवळजवळ नजरकैदेत. एका रिकाम्या गादीसमोर दुसऱ्या गादीचा प्रतिनिधी वाकत होता आणि खरी सत्ता बाजूला उभ्या असलेल्या नायबाच्या पलटणीत होती.

त्या काळात मुंबईचा रुपयाही शाहआलमच्याच नावाचा. त्याआधी एकदा कंपनीने आपल्या राजाराणीच्या, विल्यम आणि मेरीच्या नावाने फारसी अक्षरांत रुपये पाडले होते. ते पाहून औरंगजेबाच्या दरबारात संताप झाला. मुंबईला स्वतः जाऊन आलेल्या खाफी खानाने त्याबद्दल तिखट लिहिलंय. खुतबा आणि सिक्का, म्हणजे जुम्म्याच्या नमाजातलं नाव आणि नाण्यावरचं नाव, या राजेपणाच्या दोन खुणा. तिथे हात घालणं म्हणजे थट्टा नव्हे. १७१७ मध्ये फर्रुखसियरच्या फर्मानाने कंपनीला बादशाही नाणं मुंबईत पाडायची रीतसर परवानगी मिळाली. मग पुढची शंभरेक वर्षं मुंबईची जमीन लंडनच्या राजाची आणि रुपया दिल्लीच्या बादशहाचा. १८३५ मध्ये नाण्यावर चौथ्या विल्यमचं तोंड आलं तेव्हा दिल्लीचं नाव गेलं. दोन्ही राजांपैकी एकानेही मुंबई पाहिलेली नव्हती. इंग्लंडचा गादीवरचा राजा मुंबईच्या धक्क्यावर पहिल्यांदा उतरला तो २ डिसेंबर १९११ ला, लग्नाच्या तहानंतर अडीचशे वर्षांनी. गेटवे ऑफ इंडिया त्याच्या आठवणीसाठी, तेही पुरं व्हायला १९२४ उजाडलं.

खोताच्या वाडीतल्या लोकांचं नावही याच गोष्टीत अडकलेलं आहे. हे इथलेच मराठी बोलणारे लोक, त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले. इंग्रजी राज्यात त्यांना 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हणत. गोव्याहून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्त्यांनाही तेच नाव लावलं जाई. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या मुहूर्तावर यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं आणि असोसिएशन काढली. लिस्बनच्या राजाची ओळख टाकली, लंडनच्या राणीच्या उत्सवात नवी घेतली. कुणी याला लाचारी म्हणेल. मला तसं वाटत नाही. सत्ता दूर असते तेव्हा तिच्यापर्यंत अर्ज पोचवायला नाव लागतं, आणि चुकीच्या नावाने अर्ज कधी पोचत नाही. मुसलमान म्हणून जन्मलेल्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

खोतीबद्दल मात्र मला माझ्या घरातलं सांगितलं पाहिजे. आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. आमचा खोत मुसलमानच होता. जुम्म्याला तो आणि माझे पणजोबा एकाच मशिदीत, पण तो पहिल्या सफेत. भाताचं पीक आलं की मात्र अर्धेल म्हणजे अर्धेल, निम्मं त्याच्या खळ्यावर. शिवाय वेठ वेगळी. दादी सांगायची, पावसाने भात गेलं त्या वर्षी पणजोबा हात जोडून उभे राहिले, तर तो म्हणाला, "माझ्या हातात काही नाही, सरकारला भरायचंय." सरकार कुणी पाहिलं होतं? कोकणातले खोत बामण होते, मराठे होते, प्रभू होते आणि मुसलमानही होते. आमच्या लोकांनी आपल्या इतिहासात हे पानही ठेवलं पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी बोटींनी मुंबईला आले आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला. विधेयक तेव्हा पास झालं नाही, कायदा यायला १९४९ लागलं. त्या मोर्चात आमच्या गावचे दोघे होते, असं दादी सांगे. नावं तिला आठवत नव्हती. तिला एवढंच आठवायचं की परत आल्यावर लोकांनी त्यांना विचारलं, "मग, सरकार दिसलं का?"