कोल्ह्याचे आमंत्रण

कोल्हा आणि करकोचा यांची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. कोल्ह्याने करकोच्याला जेवायला बोलावले आणि पसरट थाळीत खीर वाढली. स्वतः चाटून थाळी साफ केली. लांब चोचीचा पाहुणा उपाशीच उठला. कोल्ह्याने दुजाभाव केला, असे म्हणायला जागा नव्हती. खीर एकच, थाळीही सारखीच. तरी एकाचे पोट भरले आणि दुसऱ्याचे रिकामे राहिले.

ही बालकथा ८ मार्च १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात अवतरली. खटला होता काही कृष्णवर्णीय मजुरांचा.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांविषयीची ती कृतज्ञता होती. १८६५ च्या घटनादुरुस्तीने तिथली गुलामगिरी संपली होती. परंतु पुढच्या काही दशकांत दक्षिणेतल्या राज्यांनी शाळा, रेल्वेचे डबे, पाण्याचे नळ, सारे काही वर्णानुसार वेगळे केले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ‘वेगळे पण समान’ या नावाखाली त्याला मान्यता दिली. १९५४ साली शाळांपुरती ती मान्यता निकालात निघाली. तोवर कृष्णवर्णीयांच्या पिढ्यान् पिढ्या निकृष्ट शाळांतून शिकून, किंवा शिक्षण अर्धवट सोडून, मजुरीला लागल्या होत्या.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ड्रेपर या गावी ड्यूक पॉवर कंपनीचे डॅन रिव्हर वीजकेंद्र होते. तिथे ९५ कामगार होते. पैकी १४ कृष्णवर्णीय. केंद्रात पाच विभाग होते, पण कृष्णवर्णीयांना फक्त ‘मजूर’ विभागातच घेत. त्या विभागातला सर्वाधिक पगार इतर चार विभागांतल्या सर्वांत कमी पगाराहूनही कमी होता. कितीही वर्षे राबले तरी वरची पायरी नाही, कारण पायऱ्याच दुसऱ्या इमारतीत होत्या.

१९६४ चा नागरी हक्क कायदा झाला. नोकरीत वंश, वर्ण, धर्म, लिंग वा मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास खाजगी कंपन्यांनाही मनाई झाली. हे कलम २ जुलै १९६५ रोजी अमलात आले. नेमक्या त्याच दिवशी कंपनीने नवा नियम केला: मजूर विभागाखेरीज कुठेही नवी नोकरी हवी असेल, तर दोन लेखी चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागतील. माध्यमिक शाळेच्या प्रमाणपत्राची अट बहुतेक विभागांत १९५५ पासून होतीच. आता मजूर विभागातून बाहेर पडू पाहणाऱ्यांनाही ती लागू झाली. ‘काळ्यांना प्रवेश नाही’ ही पाटी उतरली आणि ‘पात्रता आवश्यक’ ही पाटी लागली.

नियम सर्वांना सारखा होता. पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते आणि कृष्णवर्णीय पुरुष १२ टक्के. शिवाय प्रमाणपत्राची अट येण्यापूर्वी लागलेले गोरे कामगार त्याच विभागांत प्रमाणपत्राविना उत्तम काम करत होते, बढत्याही घेत होते. मग कामाचा आणि त्या कागदाचा संबंध काय?

हा प्रश्न विली ग्रिग्ज आणि त्यांच्या बारा सहकाऱ्यांनी न्यायालयात नेला. १४ पैकी १३ जण उभे राहिले. रोजची भाकरी ज्याच्या हातात आहे, त्या मालकाविरुद्ध उभे राहणे म्हणजे काय, हे कष्टकऱ्यालाच ठाऊक. खालच्या न्यायालयांनी सांगितले, नव्या नियमांमागे कंपनीचा दुष्ट हेतू सिद्ध होत नाही. कंपनीही म्हणे, कामगारांना शिकता यावे म्हणून आम्ही शाळेच्या फीचा दोन तृतीयांश भाग भरतो.

सरन्यायाधीश वॉरन बर्गर हे काही क्रांतिकारक नव्हते. रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांनी त्यांना नेमले होते. तरीही त्यांनी लिहिलेला निकाल एकमताचा ठरला. त्याचा आशय असा: हेतू चांगला असून भागत नाही, परिणाम पाहावा लागतो. जी अट एका समाजाला सरसकट बाहेर ठेवते आणि कामाशी जिचा संबंध दाखवता येत नाही, ती बेकायदा आहे. कोल्हा-करकोच्याच्या दुधासारखी समानता कायद्याला अभिप्रेत नाही. ज्या भांड्यात दूध द्यायचे, ते सर्वांना वापरता आले पाहिजे. पात्रता मागायला न्यायालयाने मनाई केली नाही. ती कामाची पात्रता असावी, एवढेच सांगितले.

पुढची वाट सरळ नव्हती. १९८९ मध्ये त्याच न्यायालयाने हे तत्त्व दुबळे केले; १९९१ मध्ये संसदेने कायदा करून ते पुन्हा उभे केले. एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी ‘परिणाम पाहण्याचे’ हे तत्त्व शक्य तिथे बाजूला ठेवण्याचा आदेश सरकारी खात्यांना दिला. १९९१ चा कायदा मात्र अशा आदेशाने रद्द होत नाही.

याच नागरी हक्क कायद्याने एका मुस्लिम मुलीलाही हात दिला. २००८ साली ओक्लाहोमातील टल्सा शहरात सतरा वर्षांची समांथा एलॉफ हिजाब घालून कपड्यांच्या दुकानात मुलाखतीला गेली. मुलाखतीत ती पात्र ठरली, पण नोकरी मिळाली नाही. ॲबरक्रॉम्बी कंपनीचे म्हणणे, आमच्याकडे डोक्यावर काहीच चालत नाही, टोपी असो वा ओढणी. नियम सर्वांना सारखा. पुन्हा तीच थाळी! समान रोजगार संधी आयोगाने, म्हणजे सरकारी यंत्रणेने, तिच्या वतीने दावा लढवला. १ जून २०१५ रोजी न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने कौल दिला. निकाल लिहिला तो न्यायमूर्ती स्कॅलिया या कट्टर परंपरावादी न्यायाधीशांनी. धर्माचरणाच्या बाबतीत कायदा नुसत्या तटस्थतेवर थांबत नाही, असे त्यांनी बजावले.

हे वाचताना आपले लक्ष घरी वळल्याशिवाय राहत नाही. २००६ च्या सच्चर समितीने आपल्याकडेही समान संधी आयोगाची शिफारस केली होती. तो आयोग उभा राहिला नाही. आपल्या संविधानाचे सोळावे कलम सरकारी नोकरीत समान संधीची हमी देते. खाजगी कंपनीच्या दारात ते थांबते. नाव वाचून अर्ज बाजूला पडला, तर दाद मागायची कुठे?

मात्र थाळी नेहमी दुसऱ्याच्याच हातात असते असेही नाही. आपल्या संस्थांत, आपल्या घरांत मुलगा आणि मुलगी यांच्यापुढे आपण काय आणि कशात वाढतो, हेही तपासले पाहिजे. ड्रेपरच्या तेरा मजुरांनी खीर जास्त मागितली नव्हती. त्यांनी भांडे बदलायला सांगितले होते.